काढा निवेपर्यंत

(मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यात 'माझा छंद' या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'घरगुती बिअर' एवढंच छापलंय. त्यामुळे एरवी मागच्या रांगेत बसणारी काही मंडळी आज एकदम पुढे येऊन बसली आहेत, हे मला इथून दिसतंय. त्यांची थोडी निराशा होणार. मी बाटल्या आणलेल्या नाहीत. शिवाय बिअरची सगळी पाककृती मी सांगणार नाही, ती कुठल्याही जर्मन पुस्तकात मिळेल. मी बोलणार आहे त्यातल्या एका तासाबद्दल, शेगडी बंद केल्यापासून यीस्ट घालेपर्यंतच्या. पुस्तकांत हा तास दोन ओळींत उरकतात: "आता काढा लवकर गार करून घ्यावा." कसा, ते ज्याचं त्यानं बघावं! म्युनिकमध्ये दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, जेमतेम सहा चौरस मीटरच्या स्वयंपाकघरात, बाजूला एक सहा वर्षांची मुलगी नाचत असताना तो कसा गार करायचा, हे कोणी लिहीत नाही.

ज्यांच्या घरी हा पदार्थ चालत नाही, त्यांनीही ऐकायला हरकत नाही. गोष्ट खरं तर उष्णतेची आणि पाण्याची आहे. ती बासुंदीलाही तितकीच लागू पडते.

आता, सगळ्यांना समजावं म्हणून बिअर दोन मिनिटांत. सातूला मोड आणायचे, वाळवायचे आणि भाजायचे. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो ना, तसंच. याला म्हणतात माल्ट. ते भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की त्यातल्या पिठाची साखर होते. चोथा गाळून काढायचा आणि उरलेलं गोड पाणी हॉप्स घालून तास-सव्वा तास उकळायचं. या उकळलेल्या पाण्याला इंग्रजीत वर्ट म्हणतात, जर्मनमध्ये व्युर्त्से. मी आपलं सरळ काढा म्हणते, कारण दिसायला, वासाला आणि चवीला तो काढाच असतो, फक्त गोड. तो गार करून त्यात यीस्ट घातलं की पुढचं काम यीस्टचं.

यीस्ट म्हणजे विरजणच. उकळत्या दुधात विरजण लावलं तर काय होईल, ते इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. (पुरुषांनाही असेल, मी भेदभाव करत नाही.) दूध फार गरम असेल तर विरजण मरतं, फार गार असेल तर झोपून राहतं. फरक एवढाच की दह्याला कोमट दूध लागतं, आणि बिअरच्या यीस्टला त्याहून बरंच गार. गव्हाच्या बिअरच्या यीस्टला १८ ते २२ अंश. पिल्स किंवा हेल्लस करायची असेल तर ८ ते १२ अंश. ३० अंशांना यीस्ट मरत नाही, पण असे काही पदार्थ तयार करतं की दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसावं लागतं.

मग रात्रभर ठेवून द्यावं, आपोआप निवेल, घाई कसली? याला तीन उत्तरं आहेत, आणि तिन्ही सारख्या महत्त्वाची नाहीत.

पहिलं उत्तर जंतूंचं. काढा उकळत असतो तोवर त्यात काही जगत नाही. साधारण ६० अंशांच्या खाली आला की तो गोड, कोमट आणि बेवारस असतो. यीस्ट घालून त्याचा ताबा देईपर्यंत ज्याला यायचं तो येतो. दुसरं उत्तर वासाचं. फिकट माल्टमध्ये एक पदार्थ असतो, त्यापासून गरम असताना डायमिथाइल सल्फाइड तयार होत राहतं. उकळताना ते वाफेबरोबर निघून जातं. उकळी थांबल्यावर काढा झाकून बराच वेळ गरम ठेवला, तर ते आतच साचतं आणि बिअरला उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास लागतो. पावसाळ्यात लोणावळ्याला तो वास छान वाटतो, बिअरमध्ये नाही. तिसरं उत्तर कडूपणाचं. ८० अंशांच्या वर हॉप्समधला कडूपणा उतरतच राहतो, म्हणजे गार व्हायला वेळ लागला तर बिअर ठरवल्यापेक्षा कडू होते. यावर उपाय सोपा आहे, हॉप्स थोडे उशिरा घाला. मक्याच्या वासावरही आहे, गडद माल्ट वापरा किंवा जास्त वेळ उकळा. जंतूंवर मात्र स्वच्छतेशिवाय उपाय नाही. म्हणून माझं मत असं की "लवकर गार करा" या उपदेशातला 'लवकर' हा शब्द लोक फार मनावर घेतात. काढा झाकलेला राहणं आणि त्याला लागणारी प्रत्येक वस्तू स्वच्छ असणं, हे त्याहून जास्त महत्त्वाचं.

आपण राहतो त्या बव्हेरियात तर या निवण्यानं इतिहास घडवला आहे. १५१६ सालचा शुद्धतेचा कायदा आपल्याला प्रत्येक बिअरच्या लेबलवर वाचायला मिळतो. पण १५५३ साली ड्यूक आल्ब्रेख्ट पाचवा यानं आणखी एक हुकूम काढला, तो कमी लोकांना माहीत असतो. २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल, म्हणजे संत मायकेलच्या दिवसापासून संत जॉर्जच्या दिवसापर्यंतच बिअर करायची, उन्हाळ्यात नाही. कारण उन्हाळ्यात काढा नीट निवायचा नाही, आंबणं हाताबाहेर जायचं आणि बिअर नासायची. मार्चमध्ये थोडी कडक बिअर करून तळघरात ठेवायची आणि ती उन्हाळाभर पुरवायची, म्हणून ती मेर्त्सन. तळघर थंड राहावं म्हणून वर खडी पसरायची आणि चेस्टनटची झाडं लावायची. त्या सावलीत लोक बसायला लागले आणि झाल्या बिअरगार्टन! आपण उन्हाळ्यात ज्या झाडाखाली डबे उघडून बसतो, ते मुळात शीतगृहाचं छप्पर आहे.

त्या काळी काढा निववायला क्यूलशिफ वापरत. नावात जहाज असलं, तरी ती बशी! ब्रुअरीच्या वरच्या मजल्यावर खोलीएवढी पसरट, उथळ, उघडी बशी. तिच्यात उकळता काढा वीतभर उंचीनं पसरायचा आणि वारा खेळू द्यायचा. चहा बशीत ओतून पिणारे आपले आजोबा आणि हे बव्हेरियन ब्रुअर एकाच शाळेचे. पृष्ठभाग वाढवला की उष्णता लवकर जाते. पण बशीवर माशी बसते, तसे उघड्या काढ्यात हवेतले जंतू पडतात. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या आसपास लाम्बिक बिअर करणारे अजूनही मुद्दाम असंच करतात, त्यांना ते रानटी यीस्ट हवंच असतं. आपल्याला नको.

मग आले कार्ल फॉन लिंडे. म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक. डिझेल इंजिनवाले रुडॉल्फ डिझेल हे त्यांचेच विद्यार्थी. १८७३ साली लिंडेंच्या पहिल्या शीतयंत्राची चाचणी इथल्याच श्पाटन ब्रुअरीत झाली, आणि १८७९ साली त्यांनी वीसबाडेनला कंपनी काढली. आज आपल्या स्वयंपाकघरात गुरगुरणारा फ्रिज हा त्याच घराण्यातला. बिअर करणाऱ्यांना उन्हाळ्यात थंडावा हवा होता, आणि त्यातून तुमच्या-आमच्या श्रीखंडाची सोय झाली. असो.

आता आपल्या सहा चौरस मीटरमध्ये येऊ.

पहिला नियम म्हणजे हाव नको. जर्मनीत बहुतेक हौशी लोक २० लिटरनं सुरुवात करतात, कारण दुकानातले संच त्याच मापाचे असतात आणि फळं बाटलीबंद करण्याचे ते मोठे विजेचे हंडे, आइनकोखटॉप्फ, २७-२९ लिटरचे असतात. मी १० लिटर करते, एवढ्यात अर्ध्या लिटरच्या १८-१९ बाटल्या होतात. दोघांना आणि पाहुण्यांना पुरतात. १० लिटरचं भांडं एका माणसाला उचलता येतं आणि सिंकमध्ये बसतं. २० लिटरला दोन माणसं आणि न्हाणीघरातला टब लागतो. उकळता, साखरेचा, चिकट काढा घेऊन बोळातून टबापर्यंत चालत जाणं मला अजिबात मान्य नाही. साधं उकळतं पाणी अंगावर सांडलं तर ओघळून तरी जातं, हे चिकटून राहतं. आमच्या घरात नियम आहे: शेगडी बंद झाल्यावर पहिली वीस मिनिटं भांडं हलवायचं नाही. त्या वेळात गाळ तळाशी बसतो आणि काढा नव्वदच्या आसपास येतो. मग मुलगी बाहेरच्या खोलीत, दार बंद आणि भांडं फक्त शेगडीवरून शेजारच्या सिंकमध्ये. तीन पावलंसुद्धा नाहीत.

आता हिशोब. मी शिक्षणानं केमिकल इंजिनियर आहे, त्यामुळे थोडा हिशोब होणारच, तो तुम्ही सहन करा. १० लिटर काढा १०० अंशांवरून २० वर आणायचा म्हणजे त्यातून सुमारे ०.९३ युनिट उष्णता बाहेर काढायची, जवळजवळ एक युनिट. ती काढा गिळून बसलेला असतो आणि स्वखुशीनं देत नाही.

फ्रिजमध्ये ठेवलं तर? घरगुती फ्रिज ताकद लावून सेकंदाला साधारण १०० ज्यूल उष्णता बाहेर टाकतो असं धरा. म्हणजे एवढ्या कामाला नऊ तासांहून जास्त! तेवढ्यात आतलं दूध, भाजी आणि कालचा उरलेला पुलाव, सगळं उबून जाईल. तेव्हा गरम भांडं फ्रिजमध्ये कधीही नाही.

बाल्कनीत, बर्फात ठेवलं तर? जानेवारीत हा मोह सगळ्यांनाच होतो. पण भुसभुशीत बर्फात निम्म्याहून जास्त हवा असते, आणि हवा ही रजई आहे. भांड्याभोवतीचा बर्फ वितळतो, मध्ये पोकळी तयार होते आणि काढा रजई पांघरून मजेत बसतो. त्यापेक्षा तोच बर्फ पाण्यात टाका. पाणी भांड्याला चिकटून राहतं आणि उष्णता ओढून घेतं.

म्हणजे फिरून पाण्यावरच आलो. इथले अनुभवी लोक तांब्याच्या किंवा स्टीलच्या नळीचं वेटोळं वापरतात. ते उकळत्या काढ्यात शेवटची पंधरा मिनिटं बुडवून निर्जंतुक करायचं, एक टोक नळाला, दुसरं सिंकमध्ये, आणि पाणी सोडायचं. वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. चांगलं साधन आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण २० लिटर काढ्याला त्यातून साधारण ६० ते १०० लिटर पाणी जातं, आणि नळ अर्धा तास वाहता राहतो. सुरुवातीला नळीतून बाहेर येणारं पाणी कढत असतं. पण काढा पन्नासच्या खाली आला की आलेलं पाणी जेमतेम कोमट होऊन निघून जातं. त्याला पोटभर उष्णता उचलायला वेळच मिळत नाही.

मला तो आवाज ऐकवत नाही. माझं माहेर लातूर. १२ एप्रिल २०१६ ला लातूरला पहिली पाणीगाडी पोचली, ती तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ते आलं होतं मिरजेहून, आणि माझं सासर मिरजेचं. पाणी देणारं सासर आणि घेणारं माहेर असा योग फार जणींच्या वाट्याला येत नाही! त्या महिन्यात आई फोनवर रोज फक्त पाण्याचं बोलायची. टँकर आला की नाही, किती घागरी मिळाल्या, भांडी कशी घासली. उच्च न्यायालयानं त्याच महिन्यात आयपीएलचे सामनेसुद्धा महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. म्युनिकचं पाणी मांगफाल खोऱ्यातून येतं, स्वच्छ आणि भरपूर, हे मला कळतं. इथं मी पाणी वाचवलं म्हणून ते लातूरला पोचणार नाही, हेही कळतं. तरी बिअर गार करायला नळ सोडून ठेवणं मला जमत नाही.

यावरचा उपाय मला इंजिनियरिंगच्या पुस्तकात होता, पण आठवण करून दिली सासूबाईंनी. त्या इथे आल्या होत्या तेव्हा मी एकदा भांडं सिंकमध्ये ठेवलं, भोवती काठोकाठ गार पाणी भरलं आणि थर्मामीटर घेऊन उभी राहिले. आई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. पाण्यात बोट घालून म्हणाल्या, "अगं, हे पाणी तापलं. आता हे काय गार करणार? बदल ते." मी म्हटलं, "आई, पाणी जास्त लागेल." त्या म्हणाल्या, "जास्त कशाला? थोडं थोडं घे आणि तीनदा बदल. दूध निववताना मी परातीतलं पाणी बदलते, तू बघितलं नाहीस का?"

बघितलं होतं. आता त्याचा हिशोब बघा. काढा १० लिटर, १०० अंश. नळाचं पाणी १२ अंश. एकूण ४० लिटर पाणी वापरायचं ठरवलं. ते सगळं एकदम एका मोठ्या टबात भरून भांडं त्यात ठेवलं, तर दोन्हीकडचं तापमान सारखं होईल तेव्हा काढा असेल सुमारे ३० अंशांवर. त्याच्या खाली तो जाणारच नाही, कितीही वेळ उभे राहा. तेच ४० लिटर दोन वेळा वीस-वीस करून घेतले, तर काढा येईल २२ वर. तीन वेळा तेरा-तेरा लिटर घेतले, तर १९ वर. पाणी तेवढंच, भांडं तेच, फक्त मध्ये दोनदा बूच उघडायचं. चौथ्यांदा बदलून फार फायदा होत नाही, अंश-दीड अंशाचा प्रश्न. प्रत्यक्षात आपण पूर्ण सारखं होईपर्यंत थांबत नाही, त्यामुळे हे आकडे दोन-तीन अंशांनी वर राहतात. तरीही सिंकमध्ये तीन वेळा भरलेलं पाणी पुरतं, आणि सिंकमध्ये भांड्याभोवती तेरा-चौदा लिटर मावतंच.

हीच युक्ती आपल्याकडे मोहाची दारू काढणाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. तिथे काम वेगळं, वाफेचं पाणी करायचं असतं. भांड्यांची उतरंड रचून सगळ्यात वरच्या भांड्यात गार पाणी ठेवतात. ते तापलं की उपसून टाकतात आणि नवं भरतात. किती वेळा पाणी बदललं, यावरून दारूचा कस सांगतात. तिथं थर्मामीटर नसतो, पाण्याच्या खेपा मोजतात.

माझी पद्धत आता ठरून गेली आहे. पहिल्या पाण्याला दहा मिनिटं. या वेळी उकळत्या काढ्यातच बुडवून ठेवलेला स्टीलचा डाव आतून फिरवायचा, कारण ढवळलं नाही तर कडेचा काढा गार आणि मधला गरम राहतो. काढा ६० अंशांवर आला की डाव बाहेर, झाकण वर, आणि ते पुन्हा उघडायचं नाही. पुढे फक्त बाहेरचं पाणी हातानं फिरवायचं आणि अधूनमधून भांड्याचे कान धरून ते हलकेच गोल हिसडायचं. दुसऱ्या पाण्याला पंधरा मिनिटं, तिसऱ्याला वीस-पंचवीस. म्हणजे एकूण पाऊण-एक तास. वेटोळ्याच्या दुप्पट वेळ, पण पाणी ठरलेलं. पहिलं पाणी चांगलं गरम निघतं, ते बादलीत काढून माल्टचं चिकट पातेलं आणि गाळणं त्यातच धुऊन होतं. दुसरं कोमट, लादी पुसायला. तिसरं बाल्कनीतल्या कढीपत्त्याला आणि उरलेलं संडासात. आमच्या आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा तिनं या छंदाबद्दल बरा शब्द काढला.

उन्हाळ्यात गणित बदलतं. आमच्या नळाचं पाणी जानेवारीत ८-९ अंश असतं, ऑगस्टमध्ये १७. तेव्हा तीन पाण्यांनी काढा २३-२४ पर्यंतच येतो. मग बर्फ लागतो. इथे लोक एक गोष्ट हमखास उलटी करतात. आधीच बर्फ ओततात! काढा शंभरावर असताना नळाचं पाणीही पळत काम करतं, तिथे बर्फ घालणं म्हणजे लग्नाला येणारी पहिली पंगतच श्रीखंडावर बसवणं. बर्फ शेवटच्या पाण्यात. दीड लिटरच्या प्लास्टिकच्या दोन बाटल्या पाणी भरून आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवायच्या आणि तिसऱ्या पाण्यात सोडायच्या. फुटत नाहीत, सांडत नाहीत, पुढच्या वेळी परत वापरता येतात. फक्त काठोकाठ भरू नका. फ्रीझरमध्ये जागा करायची म्हणजे भारतातून आणलेल्या पुरणपोळ्यांशी वाटाघाटी आल्या, ते ज्याचं त्यानं बघावं. नुसत्या बर्फानं १० लिटर गार करायचा म्हटलं तर आठ किलो बर्फ लागेल. आपल्या फ्रीझरमध्ये तो मावणार नाही आणि इथल्या पेट्रोल पंपावर विकत घेतला तर बिअर सोन्याच्या भावात पडेल.

आणखी एक मार्ग आहे, घट्ट काढा करायचा. ६ लिटरच उकळायचा आणि शेवटी ४ लिटर आधी उकळून, झाकून, फ्रिजमध्ये गार केलेलं पाणी त्यात ओतायचं. एका क्षणात काढा १०० वरून ६२ वर येतो. ताकात पाणी घालण्यासारखंच. तोटा असा की घट्ट काढ्यात हॉप्सचा कडूपणा कमी उतरतो आणि रंग थोडा गडद होतो. गडद बिअरला चालतं. ज्यांच्याकडे दहा लिटरचं भांडंच नाही, त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

आणि रात्रभर ठेवण्याचं काय? मी मघाशी त्याला पूर्ण नाही म्हटलं नाही. झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या भांड्यात, थंड खोलीत, सकाळी यीस्ट घालायचं असेल तर गडद किंवा गव्हाच्या बिअरला ते चालतं, आणि इथले कितीतरी हौशी लोक तसं करतात. पण सकाळ म्हणजे सकाळ. कॅनमध्ये बंद करून "पुढच्या शनिवारी बघू" असं करू नका. काढा काही लोणच्यासारखा आंबट नसतो, त्यात मीठही नसतं. हवाबंद डब्यात आठवडाभर ठेवलेल्या गोड, कमी आंबट पदार्थात बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. यीस्ट लवकर घातलं की ते आंबटपणा वाढवतं आणि बाकीच्यांना जागा ठेवत नाही.

आता खास आपल्या घरांसाठी. जर्मन पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात इडलीचं पीठ फुगत नसतं. आपल्याकडे दही, ताक, डोशाचं पीठ, ढोकळ्याचं पीठ असं काही ना काही सतत आंबत असतं. हे सगळे लॅक्टिक आम्ल करणारे जंतू, आपले पोटचे मित्र, पण काढ्याचे शत्रू. एकदा शिरले की बिअर ताकासारखी आंबट. त्यामुळे ज्या दिवशी बिअर, त्या दिवशी विरजण लावायचं नाही आणि मिक्सरमध्ये इडलीचं भिजवलेलं वाटायचं नाही. ज्या डावानं ताक घुसळलं, तो लाकडी असो की प्लास्टिकचा, काढ्याजवळ आणायचा नाही. माल्ट भरडायचं कामही आदल्या दिवशी बाल्कनीत उरकायचं, कारण त्याच्या धुळीतही हेच जंतू बसलेले असतात.

खिडकीचंही एक गंमतीचं तंत्र आहे. काढा तासभर उकळला की दोन-अडीच लिटर पाणी वाफ होऊन स्वयंपाकघराच्या भिंतींवर बसतं. घरमालकाला बुरशी दिसली की तो श्टोसल्युफ्टनवर व्याख्यान देतो, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. तेव्हा उकळताना खिडकी सताड उघडी. शेगडी बंद झाली की खिडकी बंद, पंखा बंद. निववताना वारा नको. हवा खेळती ठेवायची सवय असलेल्या आपल्या माणसांना हे जड जातं, "अगं, उघड की जरा, उकडतंय" असं कोणी तरी म्हणतंच.

मघाशी एकांनी विचारलं की भारतात परतल्यावर हे चालू ठेवता येईल का. नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, त्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी पुण्यात २००९ साली डुलाली नावाची छोटी ब्रुअरी निघाली, आणि तिथे पहिली बिअर करायला बोलावलेला ब्रुअर जर्मनच होता, ओलिव्हर शाउफ. हे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेलं. इंग्रजांच्या काळी तिथे सैनिक मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत महिनोन् महिने पडून असत आणि त्यांचं डोकं फिरे, म्हणून इंग्रजीत वेड लागल्याला 'डुलाली' म्हणायला लागले. पुण्यात नळाचं पाणी उन्हाळ्यात तिशीच्या आसपास. तिथे सिंकमधली माझी तीन पाण्यांची युक्ती काढ्याला २० अंशांवर आणू शकत नाही, तिथे लिंडेंचं यंत्रच हवं.

इथे जर्मनीत मात्र सरकार उदार आहे. घरी पिण्यापुरती बिअर वर्षाला ५०० लिटरपर्यंत करमुक्त आहे. २०२३ अखेरपर्यंत ही मर्यादा २०० लिटर होती. अट एकच, विकायची नाही. मंडळाच्या मेळाव्यात स्टॉल लावून तर नाहीच नाही, हे मी कार्यकारिणीच्या काही उत्साही सदस्यांकडे बघून सांगते आहे. जकात खात्याच्या, म्हणजे त्सोलच्या, संकेतस्थळावर नियम दिलेले आहेत. सुरुवात करण्यापूर्वी ते वाचून घ्या.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी आधी बिअर करूच नका. एक रविवार निवडा, दहा लिटर साधं पाणी उकळा, सिंकमध्ये ठेवा, तीन वेळा पाणी बदला आणि दर पाच मिनिटांनी थर्मामीटर वाचून कागदावर लिहा. आपल्या सिंकमध्ये किती पाणी मावतं, भांडं तरंगतं की बसतं, नळाचं पाणी किती गार आहे, हे सगळं एका तासात कळेल. भांडं तरंगायला लागलं तर सिंकमध्ये थोडं कमी पाणी घ्या. मुलांना आकडे लिहायला बसवा, पण खोलीच्या दाराबाहेर. माझी मुलगी आता आकडे वाचून न सांगताच ओरडते, "आई, पाणी बदल!" आजीचंच वाक्य.

हॉप्स कुठले, यीस्ट कुठून मागवायचं आणि बाटल्यांची बुचं कशी लावायची, ते ज्यांना हवं त्यांना चहाच्या वेळी सांगते. समोसे गार व्हायला लागलेत, आणि ते गार करायला कुठलंच तंत्र लागत नाही.